शहात्तर ओळी

फोन आला तेव्हा तिच्या चिमट्यात दोनशे ग्रॅमचं वजन होतं. काचेच्या पेटीचं दार उघडलेलं, डावा हात मांडीवर, श्वास रोखलेला. वजन पारड्याच्या वर बोटभर अंतरावर. तपासणीच्या खोलीत फोन घ्यायचा नाही हा नियम तिनेच पाळून पाळून पक्का केला होता, पण समोरच्या टेबलावरचे गृहस्थ, ज्यांना सगळे काटेसाहेब म्हणत, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांची नजर काट्यावरून हलत नसे, रिसीव्हर हातात धरून उठले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुमची भाची. आत्ताच बोलायचंय म्हणते." त्यांनी तो तिच्या कानाला लावला. पलीकडून ठिपकीचा आवाज आला, रडून कोरडा झालेला. "आत्या, दुसऱ्याने जिंकायचं कसं?" वजन निसटलं. फार नाही, बोटभरच, पण पारडं खणकन वाजलं आणि तो आवाज काचेच्या पेटीत दोनदा फिरला. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काटेसाहेबांनी पारड्याकडे पाहिलं. "पडलं?" "टेकलं," ती म्हणाली, आणि स्वतःचं खोटं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपटलेलं वजन त्या दिवशी मोजत नाहीत. ते पुसून, मखमलीच्या खाचेत ठेवून एक दिवस निवू द्यायचं असतं. माणसांना ही सवलत नसते.

"आधी कोण खेळतं?" तिने विचारलं. "बाबा. घरात मोठा आधी खेळतो म्हणतात." "किती डाव झाले?" "बारा. बाराही हरले. सोमवारी फॉर्म द्यायचाय, आत्या. पालकांची सही लागते. बाबा म्हणतात, गणित घ्यायचंय ना, मग चार मजल्यांवर मला एकदा हरवून दाखव, एकदाच, डोळे मिटून सही करतो." तिने नाक ओढलं. "आणि हसून म्हणतात, तुझी आत्यासुद्धा जन्मात एक डाव जिंकली नाही. आपल्या घरातल्या बायकांना दोन मितींच्या पुढचं दिसतच नाही." तिने चिमटा टेबलावर ठेवला. "ऐक. दुसऱ्याला जिंकता येत नाही." "म्हणजे?" "म्हणजे येत नाही. पहिला चुकला तरच." "बाबा चुकत नाहीत." "सहा वाजता येते," ती म्हणाली, आणि काटेसाहेबांनी रिसीव्हर काढून घेतल्यावरही तिचा कान गरम राहिला.

वजनं तपासण्याच्या त्या कार्यालयातली पद्धत अशी होती की प्रत्येक वजन दोघांनी तोलायचं. पहिली तपासणी काटेसाहेबांची, दुसरी तिची. दुसऱ्याने पहिल्याचा आकडा बघायचा नाही, विचारायचा नाही, आणि स्वतःचा आकडा लिहून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सही मात्र पहिल्याची वर, दुसऱ्याची खाली. ही पद्धत तिला आवडायची. तिच्यात एक सभ्यपणा होता. दोन माणसं एकाच वस्तूकडे वेगवेगळं बघू शकतात आणि दोन्ही बघणी मोलाची असतात, हे कुठेतरी कागदावर मान्य केलेलं होतं. पण दुसरं असण्याची एक सवयही लागते. नवीन काही सापडेल म्हणून दुसरा बघत नाही. पहिल्याचं काही चुकलंय का, एवढंच बघतो. त्या दिवशी तिने पुढची चार वजनं तोलली आणि चारही आकडे लिहिताना तिच्या मनात एकच वाक्य ठोके देत होतं, जन्मात एक डाव जिंकली नाही. खरं होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच तिला ते भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

साधा फुल्ली-गोळा तिने आणि दादाने, म्हणजे ठिपकीच्या बाबाने, लहानपणी शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर संपवून टाकला होता. दोघांनी नीट खेळलं की बरोबरीच होते हे नऊ वर्षांच्या पोरीलाही कळतं. मग तीन वर्षांनी मोठ्या दादाने तीन मजले काढले. तीन चौकोन शेजारी शेजारी, पण समजायचं की ते एकावर एक आहेत. सुट्टीभर तो आधी खेळला आणि सुट्टीभर त्याने पहिली फुल्ली मधल्या मजल्याच्या मधल्या घरात टाकली. तिथून तेरा ओळी जातात. ते घर गेलं की खेळ संपतो, आणि त्या खेळात बरोबरीही होत नाही, सत्तावीस घरं कशीही भरा, कुणाची तरी ओळ लागतेच. म्हणजे ती रोज हरण्यासाठीच बसत होती. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "मधलं घर बंद करू." दादाने पेन्सिल कानावर ठेवली. "रडीचा डाव!" "मग मला एकदा आधी खेळू दे." "मोठा कोण?" आई आतून म्हणाली, "अगं, खेळच आहे तो. दादाशी कसली बरोबरी करतेस?" आईचा आवाज थकलेला होता, तिच्यात राग नव्हता, आणि आज इतक्या वर्षांनी तिला पहिल्यांदा वाटलं की आईच्या आवाजात राग असता तर फार बरं झालं असतं.

चार मजले नंतर आले. प्रत्येक मजल्यावर चार गुणिले चार, म्हणजे सगळी मिळून चौसष्ट घरं, आणि कुठल्याही दिशेने सलग चार घरं आपली झाली की जिंकलं. दादाने ओळी मोजल्या आणि बहात्तर सांगितल्या. तिने रात्रीचं जेवण होईपर्यंत पुन्हा मोजल्या. मजल्यावरच्या चाळीस, सरळ उभ्या सोळा, भिंतीला चिकटून जिना चढावा तशा तिरक्या सोळा. या झाल्या बहात्तर. आणि मग जेवता जेवता तिची नजर खोलीच्या कोपऱ्यात गेली, तळाचा कोपरा, जिथे केरसुणी उभी होती, आणि तिथून थेट समोरच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे छताला ओल आली होती. खोलीच्या पोटातून जाणारी ओळ. अशा चार. घास हातात तसाच राहिला. "शहात्तर," ती म्हणाली. दादाने मान वर केली, डोळे बारीक केले, खोली पाहिली, केरसुणी पाहिली, ओल पाहिली. "हो, मी त्या चार धरल्याच नव्हत्या मुद्दाम," तो म्हणाला. मुद्दाम! तो शब्द तिच्या आयुष्यात कुठल्या कुठल्या खोल्यांत पुन्हा येऊन बसला त्याचा हिशेब नाही.

कार्यालयातून दादाचं घर चालत चाळीस मिनिटांवर. ती बसने जाऊ शकली असती, पण रागाला चालायला जागा लागते. रस्त्याच्या कडेला दुकानांची शटरं, औषधांच्या दुकानातले खण, रद्दीचे गठ्ठे, सगळं तिला चौकोनांत दिसत होतं आणि प्रत्येक चौकोनात कुणीतरी आधीच फुल्ली मारून ठेवली होती. पंधराव्या वर्षी जिन्यात घडलेलं तिला आठवायचं नव्हतं, आणि न आठवण्यासाठी ती जितकी भराभर चालली तितकं ते स्पष्ट होत गेलं. दिवे गेले होते. दोघं जिन्यात बसली होती, तो वरच्या पायरीवर, ती खालच्या. ती म्हणाली होती, "दादा, मला कळलं. दुसऱ्याकडे जिंकायची हमखास रीत असूच शकत नाही. चार मजले सोड, दहा मजले कर, मिती वाढव, चौथी, पाचवी, कितीही. कधीच नाही." "कशावरून?" "समज, असली. मग पहिल्याने पहिली फुल्ली कुठेही टाकून द्यावी, विसरून जावी, आणि आपणच दुसरे आहोत असं धरून तीच रीत वापरावी. जास्तीची एक फुल्ली कधी नडत नाही. म्हणजे दोघंही जिंकतील. ते कसं होईल?" अंधारात त्याने पायरीवर नखाने एक फुल्ली ओढली. मग म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याची रीत पहिला चोरतो." "हो. चोरू शकतो, म्हणून ती नाहीच." त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं होतं की जिन्याचा कठडा नसता तर ती वर तरंगली असती. हरणं आपल्या डोक्यात नव्हतं, खेळातच होतं, हे तिने स्वतः सिद्ध केलं होतं.

तिसऱ्या दिवशी गणिताचे सर घरी आले. वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलाने वर्गात काय सांगितलं माहितीय? मी वीस वर्षं शिकवतोय, माझ्या डोक्यात आलं नव्हतं." ती पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं. नजर चुकवली असती तर तिने माफ केलं असतं; त्याने सरळ पाहिलं आणि एक डोळा किंचित मिटला, जणू दोघांनी मिळून सरांची गंमत केली होती. ती मूग गिळून उभी राहिली. सरांनी त्याला वरच्या परीक्षेला बसवलं, तिथून मोठ्या संस्थेत, तिथून प्राध्यापकी. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. ती विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात तिला तीच युक्ती सापडली, तीन ओळींत, जगाला कधीपासूनच माहीत असलेली. तिने दादाला दाखवलं. तो खदखदून हसला. "बघ! म्हणजे ती ना तुझी, ना माझी. उगीच इतकी वर्षं तोंड फुगवून बसलीस." तिच्याकडून जे चोरलं ते तिचं नव्हतंच म्हणे. मग त्या रात्री जिन्यात अंधारात जे घडलं होतं ते कुणाचं होतं? ते कुठल्या पुस्तकात होतं? रागाला निदान बसायला एक पाट तरी लागतो. दादाने तोही हसत हसत ओढून घेतला होता.

दार वहिनीने उघडलं. "आलात? बरं झालं. दोन दिवस घरात नुसतं ते काचेचं कपाट आणि गोट्यांचे आवाज. सांगा तुम्हीच काहीतरी, माझं कोण ऐकतंय!" दिवाणखान्यात खिडकीशी ते होतंच. चार काचा एकावर एक, पितळेच्या दांड्यांवर पेललेल्या, प्रत्येक काचेवर सोळा खळगे, पांढऱ्या गोट्या, काळ्या गोट्या. दादाने स्वतः करून घेतलं होतं ते, विद्यार्थ्यांना दाखवायला. ठिपकी एका बाजूला पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर वही. नाकाच्या शेंड्यावर तो तीळ, ज्यावरून तिचं नाव पडलं. "या या, दुसऱ्या तपासनीस!" दादा उठला. केस पांढरे झाले होते, हसणं तसंच. "भाचीची वकिली करायला?" "तेरावा डाव मी खेळते," ती म्हणाली, चप्पल काढता काढता. "मी जिंकले तर तू सही करायचीस." "आणि हरलीस तर?" "इतकी वर्षं हरल्यावर जे होतं तेच." वहिनी आत जाता जाता थांबली. "आणि आधी मी खेळणार," ती पुढे म्हणाली. दादाने भुवया उंचावल्या. "घरचा नियम—" "पहिल्याला जिंकायची हमखास रीत आहे हे सिद्ध झालंय. संगणकाने हजारो चाली तपासून केलंय. तुझ्या पुस्तकांच्या कपाटात तो कागद आहे, तू तो पाठ केलायस. पोरीशी बारा वेळा आधी खेळलास तेव्हा तुला ते माहीत होतं की नव्हतं?" ठिपकीने मान वर केली. दादा हसला, पण हसू ओठांवर नीट बसेना. "अगं, गंमत असते घरात. बरं, चल. आधी तू. या वयात एकदा आधी खेळून बघच."

पांढरी गोटी तिच्या बोटांत गार लागली. चौसष्टपैकी सोळा घरं भाग्यवान, आठ कोपरे आणि पोटातली आठ; तिथून सात सात ओळी जातात, बाकीच्यांतून चारच. तिने दुसऱ्या काचेवरचं आतलं घर घेतलं. त्याने काळी ठेवली. तिने पाहिलं, ही काळी कुठे कुठे जाऊ शकते, आणि तिच्या वाटेत पांढरी ठेवली. त्याने दुसरी, तिने पुन्हा वाटेत. डोकं स्वच्छ चाललं होतं, राग त्याला तेल घालत होता, त्याची एकही जोडी तिने तिसऱ्या घरापर्यंत जाऊ दिली नाही. दादाच्या कपाळावर घाम दिसायला लागला तेव्हा तिला एक रानटी आनंद झाला. आठवी चाल, नववी. मग त्याने वरच्या काचेवर तीन काळ्या जमवल्या आणि तिने चौथं घर झटकन अडवलं, अडवताना मनात म्हणाली, आता बोल! त्याने थोडा विचार केला, थोडा जास्तच, तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि खालच्या कोपऱ्यात एक गोटी ठेवली. तिला दिसलं. दोन बाजूंनी तीन तीन. एक अडवली तर दुसरी. तिने एक अडवली, त्याने दुसरी पुरी केली. काचेवर गोटीचा छोटा आवाज झाला, सकाळच्या पारड्यासारखा. "झालं," दादा खुर्चीत मागे रेलला आणि त्याचा आवाज परत भरदार झाला. "आधी खेळलीस, तरी हरलीस. आता काय सिद्ध झालं?"

"आत्या," ठिपकी हळूच म्हणाली. ती वहीत बघत होती; सगळ्या चाली तिने लिहून घेतल्या होत्या. "तू वरच्या काचेवर बाबांना अडवलंस ना, तेव्हा तुझ्याच तीन होत्या. इथे, इथे आणि इथे." तिने पेन्सिलीचं टोक काचांमधून नेलं, वरच्या कोपऱ्यातून पोटातून खाली. चौथं घर खालच्या कोपऱ्यातलं, जिथे आता काळी गोटी होती. "अडवायची गरजच नव्हती. तू तिथे ठेवली असतीस की संपलं." तिने ती ओळ पाहिली. केरसुणीपासून ओलीपर्यंतची ओळ. तिची स्वतःची, जेवता जेवता सापडलेली, चारांपैकी एक. अडवता अडवता तिच्या गोट्या आपोआप त्या ओळीत येऊन बसल्या होत्या, आणि तिला त्या दिसल्याच नाहीत, कारण तिने पांढऱ्या गोट्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पूर्ण डावभर ती काळ्याच बघत होती. इतक्या वर्षांनी पहिली चाल मिळाली आणि ती दुसऱ्यासारखीच खेळली. "मला दिसलं होतं ते," दादा म्हणाला. सहज म्हणाला, चष्मा पुसता पुसता. "मी म्हटलं, बघते का ही. नाही बघितलं." वहिनी दारातून म्हणाली, "मग सांगायचं की हो!" "खेळात कोण सांगतं?" तिला वाटलं, हे काचेचं कपाट उचलावं आणि खिडकीतून खाली टाकावं, तिने मनातल्या मनात ते टाकलं, चारी मजले, चौसष्ट घरं, शहात्तर ओळी, आणि फुटण्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. पण खरा राग त्याच्यावरचा नव्हता हे तिला त्या आवाजात कळलं, आणि त्यामुळे तो आणखी वाढला. हा माणूस तिच्या डोळ्यांतच जाऊन बसला होता. तिने त्याला आत येऊ दिलं होतं, पाण्याचे पेले हातात धरून, गप्प राहून.

ठिपकी गोट्या काढत होती. एकेक, घाई न करता, पांढऱ्या आपल्या वाटीत, काळ्या बापाच्या वाटीत. सगळ्या काचा मोकळ्या झाल्यावर ती खुर्चीच्या कडेला सरकली. "बाबा, आता मी. आधी मी." "तूसुद्धा?" दादा जिंकलेल्या माणसाच्या उदारपणाने हसला. "खेळ. आज सगळ्यांना आधी खेळू दे. अट तीच बरं का." "अट तीच," ठिपकी म्हणाली आणि वहीचं पहिलं पान उघडून मांडीवर ठेवलं. तिने पहिली गोटी ठेवली. मग दुसरी. तिसऱ्या गोटीला दादाच्या कपाळावर आठी उमटली, आणि चौथीला तो म्हणाला, "हे... हे कुठून आणलंस?" "तुमचंच आहे," ठिपकी म्हणाली. "तिसरा, सातवा आणि दहावा डाव. लिहून ठेवलेत ना मी. तुम्ही नेहमी असंच सुरू करता." आत्या खुर्चीत ताठ झाली. चोरीचा शोध तिनेच लावला होता, अंधाऱ्या जिन्यात. पण पहिल्या जागेवर बसलेल्याकडूनच त्याची रीत उचलता येते, हे तिला कधी सुचलं नव्हतं. त्यासाठी आधी हरलेले डाव लिहून ठेवावे लागतात. ती आपले विसरायचा प्रयत्न करत आली होती.

आणि दादाला दुसरं खेळता येत नव्हतं. हे इतकं साधं होतं की तिला ओरडून हसावंसं वाटलं. जन्मात कधी तो दुसरा खेळलाच नव्हता. त्याची बोटं काळी गोटी धरून काचांवर फिरत, एका घरावर थांबत, मागे येत. कुठे अडवायचं हे शोधताना तो आपल्याच जिंकण्याच्या ओळी बघत होता. पाठ केलेल्या कागदावर फक्त पहिल्याच्या चाली असतात. "थांब, थांब," तो म्हणाला, कुणी घाई केली नसताना. "आधी खेळल्यावर सगळ्यांनाच सोपं असतं." वहिनी पदर खांद्यावर घेऊन दारातच उभी होती. ठिपकीने एक गोटी ठेवली आणि दोन बाजूंनी तीन तीन झाल्या. एक दुसऱ्या काचेवर, आडवी, सरळ नजरेत, दुसरी पोटातून जाणारी. दादाने आडवी अडवली आणि सुस्कारा सोडला.

आता पाळी ठिपकीची. ती वहीत बघत होती. वहीत पुढची चाल नव्हती. बापाला तिच्याशी खेळताना इथपर्यंत कधी यावंच लागलं नव्हतं. ती काचांकडे बघायला लागली. आत्याला ते घर दिसत होतं, सगळ्यात वरचा कोपरा, लख्ख, जणू तिथेच दिवा लावलाय. तिच्या जिभेवर शब्द आला. दादानेही तिच्याकडे पाहिलं आणि त्यालाही आता ते दिसलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने ओठ घट्ट मिटले. आकडा लिहून होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नसतं. तिच्या नखांनी तळव्यात चार खुणा केल्या. दादाची गोष्ट वेगळी होती, तो मघाशी गप्प बसला कारण तिला दिसणार नाही याची त्याला खात्री होती. ठिपकीची नजर खालच्या काचेवरून सुरू झाली, कोपरा, मग पोटातलं घर, मग त्याच्या वरचं, आणि तिथे ती थांबली. मग मान हळूहळू वर गेली, काचांच्याही वर, खोलीच्या छताच्या कोपऱ्यापर्यंत, आणि परत आली. तिने गोटी उचलली आणि वरच्या कोपऱ्यात ठेवली. चार.

"हं," दादा म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं." "मुद्दाम?" आत्याने विचारलं. ठिपकीने वहीतून घडी घातलेला फॉर्म काढला, काचेच्या कपाटाशेजारी उलगडला, तळहाताने सपाट केला आणि सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं. दादा खिसे चाचपू लागला, मग टेबलाचा खण, मग खिडकीची कडा. "पेन कुठे गेलं? इथे एक पेन होतं." वहिनी जागची हलली नाही. आत्याच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी, कार्यालयातलं पेन होतं, ज्याने तिने सव्वीस वर्षं खालच्या चौकटीत सह्या केल्या होत्या. पर्स तिच्या मांडीवरच होती, बंद. तिने तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खुर्चीत पाठ टेकून बसली. शोधू दे, म्हणाली मनात. शोधू दे त्याला.